गुरुजींच्या जीपचा ओव्हरड्राइव्ह

मोतीराम गुरुजींची बायको द्वारकाबाई मागच्या दसऱ्याला नागपूरहून परत आली, दारात जीप थांबल्यावर खाली उतरली, ओट्यावर टेकली, दोन्ही कानांतले कापसाचे बोळे काढले आणि म्हणाली, "आता मी या गाडीत पाय ठेवत नाई. दीक्षाभूमीले जाईन तर बसनं जाईन, नाई तर घरीच वंदना घेईन. तुमी जा तुमच्या जीपनं बोंबलत."

एवढं बोलून बाई आत गेली आणि तिनं चहा टाकला. गुरुजींनी ते हसण्यावारी नेलं. दिवाळी गेली, कापूस वेचून झाला, ज्वारी काढणीला आली, तरी द्वारकाबाई जीपकडं फिरकेनात. आदिलाबादच्या बाजाराला जायचं तर रिक्षा, तलमडुगुला जायचं तर कुणाच्या तरी स्कूटरच्या मागं. गुरुजी दारात इंजिन चालू करून हॉर्न वाजवत बसायचे आणि ह्या बाई समोरून रिक्षात बसून, वर हात हलवून निघून जायच्या. आता बोला!

गुरुजींनी स्वतःशी निदान करून टाकलं: आवाज. दुसरं काय असणार? जीप जुनी, इंजिन मागाहून टाकलेलं डिझेलचं. हायवेला लागून जरा वेग धरला की ती अशी काही किंचाळायची, की शेजारच्या माणसाशी बोलायचं तर नदीच्या पलीकडल्या माणसाला हाक मारावी तसं ओरडायला लागे. त्यात पैनगंगेचा पूल ओलांडून तेलंगणातून महाराष्ट्रात शिरलं की ट्रक सुरू. एकेक ट्रक मागून हॉर्न देत यायचा, अंगावरून गेल्यासारखा पुढं जायचा. गुरुजींना ते खपायचं नाही. ते इंजिन आणखी ताणायचे, ट्रकवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि तो ट्रक दिसेनासा होईस्तोवर तोंड पाडून बसायचे. मग दुसरा ट्रक. पांढरकवडा, हिंगणघाट, थेट नागपूरपर्यंत हाच कार्यक्रम.

पण बायको बसणार नसेल, तर त्या जीपला अर्थ काय? वस्तीतून स्वतःच्या गाडीनं दीक्षाभूमीला गेलेलं पहिलं जोडपं हे. तेव्हापासून एकही दसरा चुकला नव्हता. आता ती बसमध्ये आणि आपण जीपमध्ये, हे चित्र नुसतं डोळ्यांपुढं आलं तरी गुरुजी अर्ध्या ताटावरून उठायचे. लोक काय म्हणतील ते सोडा. त्यांना स्वतःलाच शेजारच्या रिकाम्या सीटची भीती वाटत होती. तेव्हा त्यांनी ठरवलं, की पुढच्या दसऱ्याच्या आत जीप शांत करायची.

गुरुजी काय चीज आहे ते सांगायला हवं. बाप दुसऱ्याच्या वावरात राबला, पोरगा मराठी शाळेत गणिताचा मास्तर झाला आणि हेडमास्तर होऊन निवृत्त झाला. आणि निवृत्त मास्तरला काम नसलं, की तो अख्ख्या गावालाच वर्ग समजतो. शाळेत मोडीत निघालेला फळा त्यांनी ओट्यावरच्या भिंतीला ठोकून घेतला होता. भाचीच्या लग्नात किती भात लागेल इथपासून पाऊस कधी येईल इथपर्यंत सगळं ते त्या फळ्यावर सोडवायचे. उत्तर बहुतेक वेळा बरोबर यायचं, प्रश्न मात्र कधीकधी चुकलेला असायचा.

जीप त्यांनी तरुणपणी एका सरकारी खात्याच्या लिलावात उचलली होती. तिच्या पाठीमागं ढोलकीएवढी एक लोखंडी पुली होती. इंजिन चालू ठेवायचं, पुलीवर पट्टा चढवायचा, की पाण्याचा पंप म्हणा, करवत म्हणा, काहीही फिरवून घ्या. गुरुजींना त्या पुलीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी जीप घेतली ती भीमजयंतीच्या मिरवणुकीसाठी. समोर बॉनेटवर बाबासाहेबांची तसबीर, झेंडूच्या माळा, आणि जीप पहिल्या गेअरात माणसाच्या चालीनं, क्लचला पाय न लावता, अख्ख्या गावातून फिरायची. कुणी पाहुणा आला की गुरुजी त्याला ही जीप दाखवायचे आणि नेहमी पुढच्या बाजूनं दाखवायचे.

मागच्या पुलीचं काम वर्षातून एकच दिवस निघायचं. जयंतीच्या आदल्या दिवशी वस्तीतल्या प्रत्येक घरातून एक बाई वाटीभर गहू घेऊन यायची. टिनाच्या शेडमध्ये द्वारकाबाईंची जुनी दगडी गिरणी होती. जीप मागं घेऊन पुलीवर पट्टा चढवायचा, सगळ्या वाट्या एकातच ओतायच्या आणि ते पीठ दुसऱ्या दिवशीच्या जेवणाच्या पुऱ्यांना वापरायचं. कुणाचा गहू कुठला, कुणी विचारायचं नाही. गुरुजी त्याला "बायकांची हौस" म्हणत.

तर जीप शांत करायची. फळा पुसला गेला, खडू निघाले. पहिला सल्ला उद्धवरावांचा. उद्धवराव म्हणजे गावातले कापूस-ज्वारीवाले, गुरुजींच्याच वयाचे. एकेकाळी गावातली एकुलती एक गिरणी त्यांच्या वडिलांची होती. आज त्यांचा मुलगा पंढरी तीच विजेवर चालवतो. उद्धवराव रोज सकाळी "जय भीम, गुरुजी" करत येतात, ओट्यावर मांडी घालून चहा पितात आणि ज्यातलं कळतं त्यावर थोडं, ज्यातलं कळत नाही त्यावर भरपूर बोलतात.

"मोठे टायर टाका गुरुजी," उद्धवराव म्हणाले. "चाक मोठं, फेरे कमी. हिशेब सोपा हाय."

"हिशेब सोपा हाय, पण द्वारकेचे गुडघे हायेत ना गा! आत्ताच तिले हात देऊन चढवा लागते. अजून उंच केली तर काय शिडी लावू?"

टायर बाद झाले. मग बोथच्या फाट्यावरचा नागेश. हा तेलुगू घरातला मिस्त्री, मराठी, हिंदी, तेलुगू तिन्ही एकाच वाक्यात घालतो आणि तिन्ही कळतात. तो जीपच्या खाली सरकला, बराच वेळ नुसते त्याचे पाय दिसत होते. बाहेर येऊन म्हणाला, "सार, इंजिन डिझेलका, गेअर पेट्रोलच्या जमान्याचे. म्हणून ओरडते बिचारी, पापम! मागच्या आन पुढच्या दोन्ही अॅक्सलमधले क्राउन-पिनियन, चाक फिरवणारे दातेवाले चक्र, बदलू. आवाज आधा."

"दोन्ही काऊन? मागचंच बदल ना."

"एकच बदललं तर फोर-बाय, चारी चाकाला ताकद, टाकली की पुढचे चाक एक बोलते, मागचे दुसरं. बीचमें गेअरका डबा फुटते, सार."

गुरुजींना पटलं. पण त्यांनी फळ्यावर गणित मांडलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तसं केलं तर पहिल्या गेअरातली ती सावकाश चाल जाणार होती. मिरवणुकीत क्लच जाळत, धक्के देत चालावं लागणार. बाबासाहेबांची तसबीर धक्के खात जाणार म्हणजे काय! तेही बाद.

नागेशनं मग पाच गेअरचा दुसरा गेअरबॉक्स सुचवला. पण त्याची लांबी वेगळी, खालचा दांडा कापून जोडावा लागणार, चासीला वेल्डिंग. गुरुजी एकदम तापले. "धडधाकट माणसाचा पाय कापून लाकडाचा लावतो काय रे तू?" नागेश हसला आणि विडी पेटवून बाजूला झाला.

शेवटी सापडला तो ओव्हरड्राइव्ह. जीपच्या गेअरबॉक्सला मागून चिकटून आणखी एक डबा असतो, चारही चाकांना ताकद वाटून देणारा. त्या डब्याच्या पाठीला एक तोंड असतं. तिथं हा नारळाएवढा छोटा डबा बसवायचा. हायवेला लागलं की त्याची दांडी ओढायची, इंजिन सावकाश फिरतं आणि चाकं पळतच राहतात. गावात आलं की दांडी परत ढकलायची, गाडी पहिल्यासारखी. ना चासीला हात, ना मिरवणुकीच्या चालीला. गुरुजी फळ्यापुढं उभे राहून लहान पोरासारखे हसले. इतकं नेमकं उत्तर त्यांना नोकरीतही क्वचित मिळालं असेल.

"पण सार," नागेश म्हणाला, "त्या तोंडातूनच तुमच्या पुलीचा दांडा निघते. ओव्हरड्राइव्ह बसला तर पुली जाणार."

"जाऊ दे," गुरुजी म्हणाले.

"त्या पुलीचं आता काय काम पडते म्हणा," उद्धवराव म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवला.

मग सुरू झाली निवड. नाशिककडच्या जुन्या जीपचा नाद असलेल्या एका माणसाकडं दोन ओव्हरड्राइव्ह होते. एक परदेशी, जुना, वापरलेला, पण आतले दात तिरपे कापलेले. दुसरा इथंच कुणीतरी त्याच्यावरून घडवलेला, नवाकोरा, पण दात सरळ. तिरप्या दाताचा आवाज कमी, सरळ दाताला शिट्टी. पण जुन्याचं बेअरिंग कसं आहे कोण जाणे. गुरुजींनी त्या माणसाला इतके फोन केले, की तो बिचारा शेवटी शेवटी "बोला गुरुजी" असं दमलेल्या आवाजात म्हणायला लागला. एक दिवस गुरुजींनी त्याला दोन्ही डबे फिरवून फोनजवळ धरायला लावले आणि फोन घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. द्वारकाबाई डाळीतले खडे वेचत होत्या.

"ऐक. हा पहिला. अन् हा दुसरा. कोनता बरा वाटते?"

द्वारकाबाईंनी मान कलती करून दोन्ही ऐकले. "दोन्ही गिरणीवानीच वाजतात," त्या म्हणाल्या आणि पुन्हा डाळीकडं वळल्या.

गुरुजींनी त्यातून असा अर्थ काढला, की हिची काही हरकत नाही. मुलगी दीक्षा नागपूरला तहसिलीत कारकून आहे. तिला त्यांनी संध्याकाळी फोनवर सगळं सांगितलं, दातांसकट. ती म्हणाली, "बाबा, आईला विचारलं का?"

"अवं, तिच्यासाठीच तर करून राह्यलो हे सगळं! तिले काय विचाराचं त्यात?"

दीक्षा म्हणाली, "बरं. तुमचं तुम्ही पाहा."

जुना, तिरप्या दातांचा ठरला. जीपच्या आतल्या चाकाशी त्याचे दात जुळायला हवेत, म्हणून नागेशनं जीपच्या डब्याचं तोंड उघडल्यावर गुरुजींनी स्वतः खडूनं खुणा करत दात मोजले, मग खात्री करायला उलट्या बाजूनं मोजले आणि फोनवर सांगितलेल्या आकड्याशी ताडून पाहिले. जुळले. मार्च संपता संपता पार्सल आलं. नागेश हत्यारांची पेटी घेऊन गावातच आला. पुली उतरली, तिचा दांडा उतरला, दोन्ही टिनाच्या शेडमध्ये गिरणीला टेकवून ठेवले. ओव्हरड्राइव्ह डिझेलमध्ये धुऊन ओट्यावर जुन्या पेपरवर मांडला. एक रबरी सील चिरलेलं निघालं, ते उद्या आणतो म्हणून नागेश गेला. गुरुजी त्या धुतलेल्या डब्याकडं नव्या नातवाकडं पाहावं तसे पाहत बसले. उद्धवरावही बघायला आले होते.

तेवढ्यात द्वारकाबाई आदिलाबादहून रिक्षानं आल्या. पिशवी आत ठेवायला म्हणून शेडवरून गेल्या, आणि थांबल्या.

"हे काऊन खाली हाय?"

"पुली होय?" गुरुजी उत्साहानं उठले. "अवं, त्या जागी ओव्हरड्राइव्ह बसून राह्यला उद्या. आता नागपूरपावेतो कानाले कापूस नाई. घरात बसल्यासारखी बसशील! कोन्ता ट्रक पुढं जाते ते पाहू."

द्वारकाबाईंनी ओट्यावरच्या त्या डब्याकडं पाहिलं. "अन् जयंतीचं दळण?"

गुरुजी अडखळले. खरं सांगायचं तर या प्रश्नाचा त्यांनी विचारच केला नव्हता. फळ्यावर तो प्रश्न आलाच नव्हता. "दळणाचं काय मोठं," ते म्हणाले. "पुड्यातलं पीठ काय भेटत नाई?"

तेव्हा उद्धवराव पुढं सरसावले. मित्र अडचणीत आहे, वहिनी नाराज आहे, हे त्यांना दिसत होतं. "वहिनी, तुमी कायले फिकीर करता? पंढरीच्या गिरणीवर पाठवा ना सगळं. त्या दिवशी पहिला नंबर तुमचा! सगळ्या गावाच्या आधी तुमचं दळू. मी सोता उभा राहीन तिथी."

माणूस मनापासून बोलला, यात काडीची खोट नव्हती. पण ते शब्द निघाले आणि ओट्यावर असं काही झालं, की गुरुजींना आपल्या बायकोकडं बघवेना.

कारण त्या गिरणीचा नंबर काय असतो ते त्यांना ठाऊक होतं. उद्धवरावांच्या वडिलांच्या वेळी वस्तीतल्या बायका दळणाचे डबे घेऊन गेल्या, की डबे शेडबाहेर ठेवायचे. "नंबर लागंल तवा," म्हणायचे. मागाहून आलेल्यांचं दळून व्हायचं, त्यांच्याही मागाहून आलेल्यांचं व्हायचं, मग यांचं. जीप आली त्या वर्षी मिरवणूक पहिल्यांदाच गाडीवरून, मधल्या रस्त्यानं निघणार होती. ते कुणाकुणाला रुचलं नाही. आदल्या दिवशी जेवणाच्या पुऱ्यांचा गहू घेऊन द्वारकाबाई आणि चारचौघी गिरणीवर गेल्या. नंबर लागलाच नाही. पट्टा तुटला म्हणाले. दुपारी या बायका भरलेले डबे तसेच डोक्यावर घेऊन परत आल्या आणि घरोघरच्या जात्यांवर बसल्या. हाताला फोड आले, पण पुऱ्या झाल्या. गुरुजी त्या दिवशी झेंडूच्या माळा ओवत होते. मिरवणूक जोरात झाली. आजवर ते तीच गोष्ट सांगत आले होते.

पुढच्याच वर्षी द्वारकाबाईंनी निर्मल गावाकडची एक बंद पडलेली गिरणी दगडांसकट आणवली आणि जीपच्या पुलीला जोडली. वर्षभर रोज दळण चालायचं. उद्धवरावांच्या वडिलांचं इंजिन खरंच बिघडलं, तेव्हा त्यांच्या घरचाही डबा इथंच आला होता. गावात वीज नीट आली, मग रोजचं दळण थांबलं, पण जयंतीचं थांबलं नाही.

"उद्धवभाऊ," द्वारकाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तुमी चांगल्या मनानं बोलून राह्यले, मले समजते. तुमचा राग नाई. पण भाऊ, पहिला द्याचा का शेवटचा द्याचा, नंबर देनारे तुमीच ना? अजून बी?"

उद्धवराव उठले. त्यांनी चपला शोधल्या, एक पायात घातली, दुसरी घालायला वेळ लागला. "येतो गुरुजी," म्हणाले आणि गेले.

द्वारकाबाई शेडमध्ये जाऊन पुलीजवळ बसल्या. हातात चिंधी होती, पुलीवरचं जुनं ग्रीस पुसत होत्या. गुरुजी मागोमाग येऊन बाजूच्या पोत्यावर बसले.

"मी म्हनलं, तुले आवाजाचा तरास होते..." ते म्हणाले.

"या गाडीचा आवाज मले नवा हाय काय?" द्वारकाबाईंनी मान वर केली नाही. "तुमी उटनूरकडं शाळेवर होते, शनवारी येत होते. हे इंजिन रोज कोन चालू करे? मीच ना? पट्टा मी चढवो. दगड गुळगुळीत झाला का टाकी मी मारून घेओ. दीक्षा त्या पोत्यावर झोपे, याच आवाजात. आवाज बंद झाला का जागी होये पोट्टी. अन् तुमी येता, गाडीले माळा घालता, लोकाले सांगता का जीप माही हाय."

आयुष्यभर आपण जीप चालवली असं गुरुजी समजत होते. ही बाई तीच जीप वर्षानुवर्षं चालवत होती, एक फूटही पुढं न नेता. लाज वाटली त्यांना, चांगलीच वाटली.

"मंग कानात कापूस कायले घालते?" त्यांनी विचारलं.

आता द्वारकाबाईंनी चिंधी खाली ठेवली. "तुमच्यासाठी! एखादा ट्रक पुढं गेला का तुमी दात खाता, इंजिन ताणता, त्याच्या मायबापाले शिव्या देता. पाच घंटे तेच. अवो, बुद्धाले वंदन कराले चाललो ना आपन? का ट्रकवाल्यासंगं भांडाले? गाडीचं मी ऐकीन, पण तुमचं ऐकवत नाई मले."

घ्या! अख्खा हिवाळा तिरपे दात आणि सरळ दात करून गुरुजींनी ज्या दुखण्यावर औषध शोधलं, ते दुखणं जीपला नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी नागेश सील घेऊन आला तेव्हा गुरुजी म्हणाले, "पुली बसव परत."

नागेशला वाटलं आपलं मराठी कच्चं आहे. त्यानं हिंदीत विचारलं, मग तेलुगूत विचारलं. "इतक्या दुरून मागवला, सार! आता पुली लावू, दसऱ्याच्या आधी ओव्हरड्राइव्ह चढवू, नंतर पुन्हा पुली?"

"तसं जमते काय?"

नागेशनं डोकं खाजवलं. "जमते. पण दरसाल काढ-घाल केली तर आटे जातात, तेल गळते. एक पक्कं करा, सार."

गुरुजींनी ओव्हरड्राइव्हवरून एकदा हात फिरवला. जीव तुटत होता त्यांचा, खोटं कशाला सांगा. मग तो त्यांनी गोणपाटात गुंडाळला आणि शेडमधल्या फळीवर ठेवून दिला. "पुली," ते म्हणाले. संध्याकाळी नाशिकच्या माणसाचा फोन आला, बसला का म्हणून. गुरुजींनी सांगितलं, "डबा एकदम उत्तम हाय. आमचाच प्रश्न चुकला होता." त्या माणसाला काही कळलं नाही, पण त्यानं फार विचारलं नाही.

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी गुरुजींनी जीप मागं घेऊन शेडला लावली आणि स्वतःहून खाली उतरले. चावी द्वारकाबाईंच्या हातात दिली. त्या बसल्या, इंजिन चालू केलं, खाली उतरून पट्टा चढवला. शेड हादरायला लागली. बायका वाट्या घेऊन आल्या होत्या, कुणाच्या स्टीलच्या, कुणाच्या प्लॅस्टिकच्या. मास्तरीण बाई होत्या, पोस्टातली सुनयना होती, वावरातून थेट आलेल्याही होत्या. पीठ उडत होतं आणि सगळ्या ओरडून बोलत होत्या, कारण दुसरा इलाजच नव्हता.

उद्धवराव आले. इतक्या दिवसांत ते ओट्यावर फिरकले नव्हते. धुतलेला सदरा, हातात पितळी वाटी, वर रुमाल झाकलेला. शेडबाहेर, जिथं टिनाची सावली संपते तिथं, ते उभे राहिले. आत यावं की नाही, त्यांना समजेना. त्या आवाजात कुणी हाक मारली असती तरी ऐकू आली नसती. गुरुजींनी पाहिलं, पण ते जागचे हलले नाहीत. ही शेड त्यांची नव्हती.

द्वारकाबाईंनी पाहिलं. त्यांनी हातानं खूण केली, या. उद्धवराव वाकून आत आले. द्वारकाबाईंनी वाटीवरचा रुमाल काढून त्यांच्या खांद्यावर टाकला आणि बोटानं गिरणीचं वरचं तोंड दाखवलं. उद्धवरावांनी वाटी ओतली. थोडा गहू खाली सांडला. एका बाईनं तो वेचून आत टाकला.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. जीप माणसाच्या चालीनं चालली. एक पाहुणे आले होते, त्यांना गुरुजींनी जीप दाखवली, आणि या वेळी हाताला धरून आधी मागच्या बाजूला नेलं.

दसऱ्याच्या पहाटे गुरुजी दारात इंजिन चालू करून बसले. हॉर्न मात्र वाजवला नाही. वाजवायची छाती झाली नाही म्हणा. बस सकाळी तलमडुगुहून सुटते, ते त्यांना माहीत होतं. द्वारकाबाई पांढरी साडी नेसून, डब्यांची पिशवी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. मग जीपला वळसा घालून मागं गेल्या, पुलीवरून हात फिरवला, आणि पुढं येऊन म्हणाल्या, "हात द्या ना. गुडघे का नवे आनले मी?"

पूल ओलांडला. जीप किंचाळत होती, पहिल्यासारखीच. पांढरकवड्याच्या अलीकडं पहिला ट्रक मागं लागला, लांबलचक हॉर्न दिला. गुरुजींचा जबडा आवळला, पाय आपोआप खाली दाबला गेला. शिवी जिभेवर आली होती. त्यांनी शेजारी पाहिलं. द्वारकाबाईंच्या कानात कापूस नव्हता. त्या त्यांच्याकडंच बघत होत्या.

गुरुजींनी पाय वर घेतला. जीप डाव्या अंगाला सरकली, इंजिनाचा सूर उतरला. ट्रक भणभणत निघून गेला, त्याच्या मागं दुसरा गेला, मग एक बस गेली, निळे झेंडे लावलेली, आतली माणसं हात हलवत होती.

"जाऊ द्या त्याइले पुढं," द्वारकाबाई ओरडून म्हणाल्या. "आपल्याले कुठी नंबर लावाचा हाय?"